पाटावरचा बॅकअप

अनिरुद्ध टिपणीसला विडी-सिगारेट सोडाच, साध्या सुपारीचंही व्यसन नव्हतं. पण माणसाला काहीतरी लागतंच, तसा त्याला बॅकअप लागायचा. घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप घेतल्याशिवाय त्याला रविवारचं जेवण गोड लागत नसे. तोही साधासुधा नव्हे. "फाइली काय, कुणीही कॉपी करेल," तो पाहुण्यांना सांगायचा (पाहुणे तोवर चपला कुठे काढल्या ते आठवत असायचे), "मी डिस्क इमेज घेतो. म्हणजे अख्ख्या कॉम्प्युटरचा साचा. उद्या कॉम्प्युटर बसला, जळला, पाण्यात पडला, तरी या साच्यातून जसाच्या तसा उठवता येतो. पडद्यावरचं गणपतीचं चित्रसुद्धा त्याच जागी!" मुलुंडच्या त्या सोसायटीत टिपणीसांकडे दुसऱ्यांदा येणारे पाहुणे जरा कमीच होते, पण त्याचा संबंध अनिरुद्धने कधी बॅकअपशी लावला नाही.

हा माणूस असाच सुखाने निवृत्त झाला असता. पण त्याच्या विमा ऑफिसात कॉम्प्युटर विभागाचा राजाराम होता, आणि राजारामला भलत्या वेळी भलता प्रश्न विचारायची खोड होती. कँटीनमध्ये बटाटेवडा खाता खाता अनिरुद्धने साच्याचं आख्यान लावलं, तेव्हा राजारामने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, इमेज घेता ते झकास. पण रिस्टोअर करून पाहिलाय का कधी?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्या इमेजवरून मशीन परत उभं करून बघितलंय का? नसेल बघितलं, तर तुमच्याकडे बॅकअप नाही साहेब. नुसती श्रद्धा आहे."

एवढं बोलून राजाराम ताकाचा ग्लास संपवून निघून गेला. अनिरुद्धच्या घशात बटाटेवडा अडकला तो चार दिवस तिथेच होता. रात्री कूस बदलताना, सकाळी दाढी करताना त्याला एकच शब्द ऐकू यायचा. श्रद्धा! ज्याने आयुष्यात नारळ फोडतानासुद्धा आधी त्याची शेंडी तपासली, त्या माणसाला श्रद्धाळू म्हणायचं? मग त्याने ठरवलं, येत्या रविवारी रिस्टोअर करून पाहायचाच.

आता, रिस्टोअर करून पाहायचा तर एखाद्या टाकाऊ कॉम्प्युटरवर पाहावा, हे शेंबडं पोरही सांगेल. अनिरुद्धलाही ते सुचलं होतं. पण घरात कॉम्प्युटर एकच होता, आणि खरं सांगायचं तर तोही त्याचा नव्हता. सहा-सात महिने त्यावर मृणालिनीचं राज्य होतं.

मृणालिनी म्हणजे अनिरुद्धची बायको. शाळेत संगीत शिकवायची. यंदा तिने सोसायटीतल्या बायकांना घेऊन एक नृत्यनाटिका बसवली होती, 'दुधीचं स्वयंवर'. मंडईतली उपवर दुधी, तिला मागणी घालायला आलेले भेंडी, कारलं, सुरण वगैरे, आणि शेवटी ती वरमाला घालते ती कुणालाच नको असलेल्या पडवळाला, अशी गोष्ट. गाणी मृणालिनीची, चाली तिच्या, पेटीवर तीच. बेडरूममध्ये कपाटांची दारं उघडी टाकून, खिडकीला गोधड्या लटकवून तिने एकेकीचा आवाज रेकॉर्ड केला होता. ते चालू असताना घरात मिक्सर बंद, पंखा बंद, आणि शिंक आली तर बाल्कनीत. सोसायटीच्या गणपतीत या बायकांनी हौस भागवली होती, पण या वेळी पहिल्यांदाच त्या बाहेर चालल्या होत्या. गोरेगावच्या एका हॉलमध्ये महिलांच्या नृत्यनाटिकांची नवरात्रातली स्पर्धा होती. नृत्यनाटिका सगळी रेकॉर्डवर. आवाज नाही, तर मंचावर सात बायका हिरवी-पिवळी लुगडी नेसून नुसत्या उभ्या.

या कार्यात अनिरुद्धचाही वाटा होता. निवेदन त्याचं. त्याने स्वतःच ते लिहिलं होतं आणि स्वतःच्याच आवाजात, रेडिओवर बातम्या देणाऱ्याच्या थाटात, रेकॉर्ड केलं होतं. 'अनादी अनंत काळापासून मानव आणि भाजी यांचे नाते अतूट आहे' इथून ते सुरू व्हायचं आणि प्रत्येक गाण्याआधी थोडं थोडं करत जीवनसत्त्वांपर्यंत पोचायचं. ते चालू असेतो सगळ्या भाज्यांनी मंचावर निश्चल उभं राहायचं. दुधीचं काम करणाऱ्या द्रौपदीकाकू तर एका पायावर, हातात वरमाला धरून. तालमीत एकदा 'कॅल्शियमचे प्रमाण' या ठिकाणी द्रौपदीकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलेलं अनिरुद्धने पाहिलं होतं. आपले शब्द काळजाला भिडतात, हे त्याला त्या दिवशी कळलं.

शिवाय तांत्रिक बाजू त्याच्याकडे होतीच. "हे ऑडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी कुणाला पाठवायचं नाही," त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "क्वालिटीची वाट लागते. जे काय आहे ते आपल्या कॉम्प्युटरवर राहील, सुरक्षित." बायकांनी ते ऐकलं. त्यामुळे जगात अख्खं 'दुधीचं स्वयंवर' दोनच ठिकाणी होतं. एक कॉम्प्युटरवर, आणि दुसरं आदल्या रात्री मृणालिनीने भरून ठेवलेल्या लाल पेनड्राइव्हवर.

रविवार उजाडला. स्पर्धेचा दिवस, आणि तिथीने खंडेनवमी. मृणालिनी लुगड्यांच्या, मुकुटांच्या आणि पुठ्ठ्याच्या सुरणाच्या पिशव्या घेऊन सकाळीच निघाली. दारातून वळून म्हणाली, "अनिरुद्ध, आम्ही तिथेच एक तालीम करणार आहोत. तू माईंना घेऊन तीनपर्यंत पोच. टेबलावरचा लाल पेनड्राइव्ह विसरू नकोस. आणि प्लीज, बाकी कशाला हात लावू नकोस."

"अगं, मी कशाला हात लावू?" अनिरुद्ध म्हणाला. तेव्हा तो प्रामाणिक होता. दार लागलं आणि त्याला राजाराम आठवला.

त्याने मनाशी हिशेब केला. इमेज घ्यायला दीड तास, रिस्टोअरला तेवढाच. दुपारच्या जेवणाआधी सगळं जागच्या जागी, आणि मंगळवारी कँटीनमध्ये राजारामचं तोंड बघण्यासारखं. त्याने काळी हार्डडिस्क कॉम्प्युटरला जोडली, जागा करायला नेहमीप्रमाणे गेल्या रविवारची इमेज पुसली आणि नवी लावली. 'घेऊन झाल्यावर पडताळणी करायची का?' असं प्रोग्रॅमने विचारलं. एरवी तो हो म्हणायचा. आज त्याला घाई होती, आणि पडताळणी तर तो स्वतःच करणार होता ना! मग तो अभ्यंगाला गेला, अंघोळ करताना निवेदनाचा पहिला परिच्छेद खड्या आवाजात म्हटला आणि ओल्या केसांनी बाहेर आला तेव्हा पडद्यावरची इमेजची खिडकी गायब झाली होती. याचा अर्थ झालं.

पुढची गोष्ट म्हणजे रिकामा कॉम्प्युटर चालू करायला एक पेनड्राइव्ह तयार करावा लागतो. खणात दोन होते. एकाचं टोक मोडलेलं, दुसऱ्यात माईच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, पंचाहत्तरीचे फोटो. (त्यांना हात लावायची त्याची छाती नव्हती.) मग त्याची नजर लाल पेनड्राइव्हवर गेली. इथे त्याची बुद्धी भलतीच स्वच्छ चालली. पेनड्राइव्हवर जे आहे ते सगळं कॉम्प्युटरवर आहे. कॉम्प्युटरवर जे आहे ते सगळं इमेजमध्ये आहे. म्हणजे पेनड्राइव्ह पुसला तरी काही जात नाही, आणि इमेज असल्यावर कॉम्प्युटर पुसला तरी काही जात नाही. इतकं निर्मळ तर्कशास्त्र त्याने कॉलेजातही लावलं नव्हतं. त्याने दोन्ही पुसलं.

कॉम्प्युटर पुसायची तशी गरज नव्हती. पण पेनड्राइव्हवरच्या यादीत 'डिस्क पूर्ण साफ करा' असं एक कलम दिसलं आणि त्याला वाटलं, ताट घासूनच वाढावं. 'सर्व माहिती कायमची जाईल. नक्की?' असं विचारलं गेलं. नक्की. 'खरंच नक्की?' अनिरुद्धला त्या प्रोग्रॅमची कीव आली. बिचाऱ्याला इमेजबद्दल माहीत नव्हतं.

साफसफाई झाली. 'आता इमेज असलेली डिस्क जोडा' असा निरोप आला. जोडा काय, ती तर जोडलेलीच होती. अनिरुद्धने कॉम्प्युटरच्या मागे हात घातला. हाताला धूळ लागली, एक हरवलेलं पेन लागलं, आणि वायरचं मोकळं टोक लागलं. डिस्क नव्हती.

"माई!" तो ओरडला. "माझी काळी डिस्क पाहिलीस का गं?"

"इथे आहे," देवघरातून आवाज आला. "ओरडू नकोस, आरती व्हायचीय."

देवघरासमोर पाट मांडला होता. पाटावर विळी, दोन सुऱ्या, कात्री, पक्कड, वडिलांच्या वेळची करवत, आणि या सगळ्यांच्या मधोमध, झेंडूच्या फुलाखाली, हळदीकुंकवाने माखलेली हार्डडिस्क. पुढे समई तेवत होती. ठसठशीत ओलं गंध, वर अक्षता. इतकी देखणी डिस्क अनिरुद्धने दुकानातसुद्धा पाहिली नव्हती.

"यंदा तुझंही शस्त्र ठेवलं," माई कौतुकाने म्हणाली. "येताजाता त्याचंच नाव घेतोस, म्हटलं त्यालाही मान मिळू दे."

"बरं केलंस. आता दे ती."

"आता? आज खंडेनवमी ना रे? आज शस्त्रांना विश्रांती. उद्या दसऱ्याला उचलायची."

"माई, ते शस्त्र नाहीये. डिस्क आहे."

"विळीसुद्धा शस्त्र नाहीये. पण मी भाजी कालच चिरून ठेवली की नाही?"

अनिरुद्धने आधी विनवण्या केल्या. मग, यंत्रांना हा नियम लागत नाही असं शास्त्रात आहे, असं ठोकून दिलं. माईने कुठल्या शास्त्रात ते विचारलं. शेवटी तो पाटासमोर मांडी घालून बसला आणि खरं ते सांगून टाकलं. "माई, मृणालिनीची सगळी गाणी यात आहेत. पेनड्राइव्ह मी पुसला. कॉम्प्युटरही पुसला. आता जे आहे ते एवढ्यातच आहे."

माईच्या हातातलं निरांजन थांबलं. "आणि चार वाजता?"

"चार वाजता स्पर्धा."

"मेल्या!" माई म्हणाली. पन्नाशी उलटलेल्या मुलाला तिने ही हाक फार वर्षांनी मारली होती. "ती पोर या गाण्यांपायी शाळेतून आली की जेवलीसुद्धा नाही वेळेवर. द्रौपदीने गुडघ्याला पट्टे बांधून नाच बसवला. आणि तू पुसून मोकळा झालास?" मग तिने घाईघाईने पाटावर अक्षता टाकल्या, पाट जरासा हलवला आणि देवीला हात जोडले. "आई, मुलगा माझाच आहे. सांभाळून घे."

डिस्क हातात आली, पण वायर आत जाईना. जिथे वायर खुपसायची तिथे ओलं कुंकू बसलं होतं. अनिरुद्धने टाचणी आणली, कापूस आणला, शेवटी माईचा कवळी घासायचा ब्रश आणला. (माईने तो विचारून घेतला नाही म्हणून ऐकवलं, पण वापरू दिला.) पुसून, घासून, फुंकर मारून वायर बसली. डिस्कवरचा बारीक दिवा लागला. अनिरुद्धच्या जिवात जीव आला. त्याने आजची इमेज निवडली. हिरवी पट्टी सरकू लागली. ती अर्ध्यावर गेली, अर्ध्याच्या पुढे गेली, आणि थांबली. पडद्यावर निरोप उमटला, 'इमेज अपूर्ण आहे. रिस्टोअर करता येत नाही.'

त्याने वायर काढून दुसऱ्या भोकात घातली. तोच निरोप. वायर उलटी केली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पेनड्राइव्ह काढून परत लावला, चष्मा काढून परत लावला. तोच निरोप. इमेज अपूर्ण कशी असेल? त्याच्या इमेजा कधी अपूर्ण नसायच्या! आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्या प्रकाशात त्याला काहीही चांगलं दिसलं नाही.

"माई," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "तू डिस्क काढलीस तेव्हा कॉम्प्युटरवर काय चाललं होतं?"

"एक हिरवी पट्टी पुढे सरकत होती."

"आणि काढल्यावर?"

"काढल्यावर टुंग करून वाजलं आणि काहीतरी लिहून आलं. मग मी ओके दाबलं. तूच शिकवलंयस ना, काही आलं की ओके दाबायचं म्हणून."

ओरडावं तर कुणावर? हे शिकवलं त्यानेच होतं. पडताळणी टाळली त्यानेच. पेनड्राइव्ह, कॉम्प्युटर, व्हॉट्सअ‍ॅपबंदी, सगळीकडे त्याच्याच बोटांचे ठसे होते. त्याच्या डोळ्यांसमोर मृणालिनी उभी राहिली, गोधड्या लटकवलेल्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, चेहऱ्यावर ते एक वेगळंच हसू. संसारात त्याने तिला बऱ्याच गोष्टी नीट दिल्या नव्हत्या. ही एक तिची तिने मिळवली होती, आणि तीही त्याने एका सकाळीत घालवली. त्याला भीती वाटली ती ती रागावेल याची नव्हती. ती काहीच बोलणार नाही, याची होती.

एवढ्यात फोन वाजला. मृणालिनी!

"निघालात का?"

"निघतोच आहोत," अनिरुद्ध म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

अर्धवट इमेजमध्ये डोकावायचं तर दुसरं मशीन हवं. त्याने ऑफिसचा लॅपटॉप काढला. डिस्क जोडल्याबरोबर लॅपटॉपने सांगितलं की आपल्या सुरक्षिततेसाठी बाहेरची उपकरणं बंद केलेली आहेत. (ती बंद करावीत असा अर्ज मागे अनिरुद्धनेच दिला होता.) मग तो हळदीकुंकवाची डिस्क छातीशी धरून समोरच्या धवलभाई शाहांच्या दारात जाऊन उभा राहिला.

धवलभाईंनी रात्रभर गरबा खेळून दुपारी कुठे डोळा लावला होता. दार उघडलं तेव्हा ते दोन्ही पायांनी लंगडत होते. त्यांनी आधी डिस्ककडे पाहिलं आणि सवयीने नमस्कार केला. मग अनिरुद्धचा चेहरा पाहिला.

"अरे काय झालं अनिरुद्धभाई? घरात सगळं ठीक ना?"

अनिरुद्धने सगळं सांगितलं. साचा, राजाराम, पाट, ओके, काही लपवलं नाही. धवलभाईंनी ते जांभया देत ऐकलं. "म्हणजे इमेज अर्धी आहे?"

"अर्ध्याहून थोडी जास्त."

"मग अर्धी तर आहे ना! अर्धी खोला! फाटकी नोट पण आपण फेकून देत नाय. चला, माझा लॅपटॉप घ्या."

हे इतकं साधं होतं, की अनिरुद्धला सुचणं शक्यच नव्हतं. त्याला अख्खा कॉम्प्युटर उठवायचा होता, गणपतीच्या चित्रासकट. नुसत्या फाइली कुणीही कॉपी करेल, असं म्हणणारा माणूस तो! त्याने धवलभाईंच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम चढवला आणि इमेज उघडली. 'ही इमेज खराब आहे, तरी उघडायची?' हो बाबा, उघड. बराच वेळ एक गोल फिरत राहिला. धवलभाई सोफ्यावर घोरू लागले. मागून आलेली माई दारातच जपमाळ घेऊन उभी होती. आणि मग गोल थांबला आणि एक एक करून कप्पे दिसू लागले. मृणालिनी. नृत्यनाटिका. गाणी.

भेंडी. कारलं. सुरण. पडवळ. सगळी ओळीने.

त्याने भेंडी वाजवली. आधी मृणालिनीची पेटी आली, मग नाजूक आवाजात भेंडीचं लाडिक गाणं सुरू झालं, आणि दुसऱ्या कडव्याला अगदी लांबून कुकरची शिट्टी. तीच शिट्टी, जिच्यावरून मृणालिनी माईवर पहिल्यांदाच रागावली होती! अनिरुद्धचे डोळे भरून आले. त्याने माईकडे पाहिलं, तर ती पदराने डोळे टिपत होती. "ही शिट्टी माझीच," ती अभिमानाने म्हणाली. धवलभाई जागे होऊन झोपेतच टाळ्या वाजवू लागले.

गाणी सगळी निघाली, शेवटचं वरमालेचंसुद्धा. पण आदल्या रात्री सगळं एकत्र जोडून मृणालिनीने जी एक सलग फाइल केली होती, ती उघडेना. ठीक आहे, गाणी एकामागून एक वाजवता येतील. मग अनिरुद्धने 'निवेदन' नावाचा कप्पा उघडला. पहिली फाइल, उघडत नाही. दुसरी, तिसरी, नाही. नवरात्र बसल्यावर ते सगळ्यात शेवटी रेकॉर्ड झालं होतं, आणि माईने डिस्क उपटली तेव्हा प्रोग्रॅम नेमका तिथवर पोचायचा होता. अनिरुद्धने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. अनादी अनंत काळापासूनचं नातं कायमचं तुटलं होतं.

पुन्हा फोन वाजला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने सगळं सांगितलं, एका दमात. पलीकडे शांतता. ज्या शांततेला तो घाबरत होता, तीच.

"गाणी आहेत?" शेवटी मृणालिनीने विचारलं.

"सगळी आहेत. ऐकून पाहिली. पण मृणालिनी..." त्याचा आवाज चिरकला. "निवेदन गेलं गं."

"सगळं?"

"सगळं. एक ओळसुद्धा राहिली नाही."

"परत मिळण्यासारखं?"

"नाही."

"नक्की?"

"अगदी नक्की. मी सगळं करून पाहिलं."

फोनवर तिचा हात पडल्यासारखा आवाज झाला. पलीकडे ती कुणाला तरी काहीतरी सांगत होती. मग एकदम मोठा गलका झाला, आणि कुणीतरी (आवाज द्रौपदीकाकूंसारखा वाटला) "अंबाबाई पावली गं!" असं ओरडलं. गाणी मिळाल्याचा आनंद, अनिरुद्धने ताडलं. त्याचा जीव भांड्यात पडला.

"अनिरुद्ध," मृणालिनी परत फोनवर आली. तिचा आवाज चमत्कारिक येत होता, हसू दाबल्यासारखा. "काही वाईट वाटून घेऊ नकोस. होतं असं. गाणी आत्ता पाठव, आम्हाला क्रम लावायचाय."

"पाठवू कशी? व्हॉट्सअ‍ॅपवर क्वालिटी..."

"डॉक्युमेंट म्हणून पाठवा ना," धवलभाई सोफ्यावरून म्हणाले. "जशीच्या तशी जाते. आम्ही सगळा गरबा असाच पाठवतो."

अनिरुद्धने निमूटपणे डॉक्युमेंट म्हणून पाठवली. जशीच्या तशी गेली, कुकरच्या शिट्टीसकट.

दुपारी तो माईला घेऊन लिंक रोडने गोरेगावला पोचला तेव्हा हॉल भरला होता. पडदा वर गेला आणि लगेच पेटी सुरू झाली. भेंडी लाजत आली, कारलं तोंड वाकडं करून आलं, सुरण आला तेव्हा लोक हसून हसून पुढे वाकले. मधे कुठे थांबणं नाही, उभं राहणं नाही. द्रौपदीकाकू दोन्ही पायांवर अशा काही नाचल्या, की पहिल्या रांगेतल्या मुलींनी शिट्ट्या मारल्या. पडवळाच्या गळ्यात माळ पडली तेव्हा हॉल उठून टाळ्या वाजवत होता, आणि विंगेत उभ्या असलेल्या मृणालिनीच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं, हेडफोनच्या वेळचं. ते पाहून अनिरुद्धला इतकं हलकं वाटलं, की आपलं निवेदन त्यात नाही हे त्याच्या लक्षात यायला बराच वेळ लागला. लक्षात आल्यावर मात्र त्याने शेजारच्या गृहस्थांना सांगितलं, की तुम्हाला ही नृत्यनाटिका अपुरी पाहावी लागतेय. ते म्हणाले, "कुठे? मला तर बरोबर वाटली."

'दुधीचं स्वयंवर' पहिलं आलं. परीक्षकबाई बोलल्या, गाण्यांवर बोलल्या, नाचावर बोलल्या, आणि शेवटी म्हणाल्या की अशा नृत्यनाटिकांमध्ये हल्ली मधे मधे लांबलचक निवेदन घालायची पद्धत पडलीय, तो मोह या गटाने टाळला याबद्दल विशेष अभिनंदन. सातही भाज्यांनी एकदम माईकडे वळून पाहिलं. माईने शांतपणे पदर सावरला.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला सगळ्या बायका टिपणीसांकडे आल्या आणि अनिरुद्धला ओलांडून आधी माईच्या पाया पडल्या. पेढे झाले, चहा झाला, आणि दिवाळीनंतर चेंबूरला अंतिम फेरी आहे ही बातमीही फुटली. तेव्हा अनिरुद्ध घसा साफ करून उभा राहिला.

"काल माझ्यामुळे तुमची गैरसोय झाली," तो म्हणाला, "पण अंतिम फेरीला तसं होऊ देणार नाही. निवेदन मला जवळजवळ पाठ आहे. मी पुन्हा रेकॉर्ड करतो, आणि या वेळी जरा सविस्तर करू."

द्रौपदीकाकूंचा हात नकळत गुडघ्याकडे गेला. सगळ्या जणी मृणालिनीकडे बघत होत्या.

"कर ना," मृणालिनी प्रेमाने म्हणाली. "जरूर कर. आणि त्याचा बॅकअपसुद्धा तूच घे."